शेवटच्या खाटेपाशी राऊंड किती वेळ थांबतो? पॅलिएटिव्ह केअर शिकवण्याबद्दल

उत्तररात्र

मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना मेडिसिन शिकवते. गेली काही वर्षं पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारातली वेदना आणि बाकीचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचे तासही माझ्याकडे आहेत. मराठीत कुणी याला उपशामक सेवा म्हणतं, कुणी परिहार सेवा. वॉर्डात सगळे पॅलिएटिव्हच म्हणतात, म्हणून इथेही तेच लिहिते.

धागा काढायचं कारण एक वही. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याला मी राऊंडला केस सांगायचं काम दिलं नाही, वेळ मोजायचं दिलं. प्रत्येक खाटेपाशी आपण किती थांबलो ते त्यानं टिपायचं. निदान न लागलेल्या तापाच्या पेशंटपाशी अकरा मिनिटं. एकाच्या हृदयाच्या झडपेचा आवाज ऐकायला सगळ्यांनी रांग लावली, तिथे चौदा. कोपऱ्यातल्या खाटेवर यकृतात कॅन्सर पसरलेल्या एक बाई होत्या. तिथे चाळीस सेकंद. "कंटिन्यू सेम" म्हणून आम्ही पुढे गेलो. राऊंड मीच घेत होते.

तेव्हापासून वाटतंय की पॅलिएटिव्ह केअर अभ्यासक्रमात असो वा नसो, आपण ती रोज शिकवतो आहोत. त्या चाळीस सेकंदांत मुलं शिकतात की इथे करण्यासारखं काही उरलेलं नाही. मग वर्गात मी कितीही बोलले तरी काय उपयोग?

दुसरी चूक मी स्वतः अनेक वर्षं केली. हा विषय मी माणुसकीच्या धड्यासारखा शिकवत होते. प्रेमानं बोला, हात हातात घ्या, धीर द्या. मुलं मनापासून ऐकायची. पण रात्रपाळीला वेदनेनं कण्हणाऱ्या माणसापुढे उभी राहिली की तीच मुलं दोन मिनिटांत काढता पाय घ्यायची. ती निर्दय नव्हती. रिकाम्या हातानं कुणाला तिथे उभं राहवत नाही, इतकंच. आता मी उलट्या टोकानं सुरुवात करते. आधी वेदना मोजायची कशी, मॉर्फिन सुरू कसं करायचं, धाप लागल्यावर काय करायचं, तोंड कोरडं पडल्यावर काय, पाच दिवस शौचाला झालं नसेल तर काय. हातात कसब आलं की मूल खाटेपाशी टिकतं, आणि टिकलं की बोलायलाही शिकतं.

गरज किती आहे ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर वर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना ही सेवा लागते आणि जेमतेम १४ टक्क्यांना मिळते. ही सेवा लागणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक आयुष्याच्या शेवटच्या वर्षात नसतात, त्यांना पुढे बरीच वर्षं जगायचं असतं. याच संघटनेच्या महासभेनं २०१४ साली ठराव करून सांगितलं की डॉक्टर आणि नर्स यांच्या पायाभूत शिक्षणातच हा विषय हवा. नुसते तज्ज्ञ तयार करून हे भागणार नाही.

तुम्ही कसं शिकवता, कसं शिकलात, काय राहून गेलं, ते लिहा. नातेवाईक म्हणून अनुभव असेल तर तोही लिहा.

परिचर्या

डॉक्टर, चाळीस सेकंदांचं वाचून पोटात कालवलं. त्या चाळीस सेकंदांनंतर उरलेला दिवस तिथे कोण असतं, तेही वहीत यायला हवं होतं.

मी नर्सिंगच्या मुलींना आणि मुलांना शिकवते. माझं म्हणणं एकच आहे, हा विषय दोन वेगवेगळ्या वर्गांत शिकवू नका. आमची विद्यार्थिनी वेदनेची नोंद करायला शिकते, तुमचा विद्यार्थी औषध लिहायला शिकतो आणि दोघांची गाठ पहिल्यांदा पडते ती थेट रात्री तीन वाजता, फोनवर.

या शाखेचा पायाच अशा एका बाईनं घातला जिच्यात हे दोन्ही वर्ग एकत्र होते. सिसिली साँडर्स आधी नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावं लागलं, मग रुग्णालयात समाजसेविका म्हणून राहिल्या, आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या. मरणाऱ्या माणसांच्या वेदनेबद्दल त्यांचं कुणी ऐकावं म्हणून त्यांना डॉक्टर व्हावं लागलं, हे मला अजूनही बोचतं. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू केलं. शरीराचं दुखणं, मनाची घालमेल, घरादाराची काळजी आणि 'माझ्याच वाट्याला हे का' हा प्रश्न, हे सगळं मिळून एकच वेदना असते, ही 'टोटल पेन'ची कल्पना त्यांचीच. ती सुचायला खाटेपाशी तिन्ही भूमिकांत उभं राहावं लागलं असणार.

आता एक छोटा पाठ सांगते. आम्ही तो दोन्हीकडच्या मुलांना एकत्र बसवून घेतो. जोड्या पाडायच्या. एकानं नाक चिमटीत धरून दहा मिनिटं फक्त तोंडानं श्वास घ्यायचा, पाणी प्यायचं नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला जीभ टाळूला चिकटायला लागते, ओठांच्या कोपऱ्यांत चिकटा जमतो, बोलायला गेलं की शब्दाआधी 'टच्' असा आवाज येतो. मग जोडीदारानं बोटाला ओलं गॉज गुंडाळून आधी ओठ, मग गालांच्या आतल्या बाजू, हिरड्या आणि शेवटी जीभ पुसायची. फार मागे जायचं नाही, उमासा येतो. शेवटी ओठांना पातळ मलम. एवढं झालं की वर्गात कुणी बोलतच नाही.

त्यानंतर सांगते: अखेरच्या दिवसांत पेशंट 'पाणी' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याला सलाईन नको असतं, ओलं तोंड हवं असतं. तासा-दोन तासांनी हे करायला औषधाची चिठ्ठी लागत नाही. वैद्यकीय शाखेच्या एका मुलानं विचारलं, "हे आम्हीही करू शकतो?" त्या प्रश्नाचं मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

तिसरी पाळी

+१ परिचर्याताई. वॉर्डात वीस वर्षं झाली.

एक भर घालते. नर्सिंगच्या मुलांना धोक्याच्या खुणा शिकवा, आणि डॉक्टरकीच्या मुलांना त्या ऐकून घ्यायला शिकवा. कॅन्सरचा पेशंट म्हणतो, पाठ दुखतेय, पाय जड वाटतायत, लघवीला अडकतंय. हे 'आजारात होतंच' म्हणून सोडलं तर मज्जारज्जूवरचा दाब वाढून माणूस कायमचा लुळा पडतो. तिथे तासांचा हिशेब असतो: स्टेरॉइड, तातडीनं एमआरआय, रेडिएशन. एकदा माझ्या विद्यार्थिनीनं हे ओळखून कळवलं होतं. वरून उत्तर आलं, "पॅलिएटिव्ह आहे ना तो, सकाळी बघू." सकाळी पाय गेले होते. उरलेले तीन महिने तो माणूस चालू शकला असता.

पॅलिएटिव्ह म्हणजे घाई नाही, असा अर्थ मुलांच्या डोक्यात कोण घालतं?

नवखी_इंटर्न

मॅडम, मी इंटर्न आहे. खरं लिहिते. आम्हाला या विषयावर दोन लेक्चर्स झाली, परीक्षेत काही आलं नाही, म्हणून वाचलं नाही.

भीती दोन गोष्टींची वाटते. एक मॉर्फिनची. आपल्या हातून डोस जास्त जाईल आणि श्वास थांबेल असं वाटतं. दुसरी, पेशंट विचारतो त्याची, "मी बरा होईन ना?" काल एका काकांनी विचारलं. मी बीपी परत मोजायला लागले. पाच मिनिटांपूर्वीच मोजलं होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

औषधशास्त्री

इंटर्नताई, पहिल्या भीतीचं मी बघतो.

मॉर्फिनचं गणित पाठ करण्याइतकं सोपं आहे, पण ते मुलांच्या हातून सोडवून घेतलं जात नाही. आधी ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक) न घेतलेल्या प्रौढाला तोंडानं ५ मिलिग्रॅमपासून, दर ४ तासांनी. वयस्कर किंवा फार अशक्त असेल तर २.५ पासून. मध्येच वेदना उसळली तर २४ तासांच्या एकूण डोसाचा सहावा भाग जादा द्यायचा, म्हणजे दिवसाला ६० जात असेल तर १०. दुसऱ्या दिवशी जादा डोस किती लागले ते मोजून नेहमीचा डोस ठरवायचा. तोंडावरून त्वचेखालच्या इंजेक्शनवर नेताना दोननं किंवा तीननं भागायचं. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारी द्रव्यं साठत जातात, पेशंट ग्लानीत जातो, अंगाला बारीक झटके येतात. तिथे डोस कमी, अंतर जास्त, नाहीतर औषधच बदलायचं.

श्वास थांबण्याचं म्हणाल, तर वेदनेच्या मापानं, पायरीपायरीनं वाढवलेल्या मॉर्फिननं ते सहसा होत नाही. त्याआधी झापड वाढते. म्हणून झापड बघायला शिकायचं. अपघात होतात ते घाईनं दिलेल्या मोठ्या डोसानं, चुकलेल्या गणितानं आणि न पाहिलेल्या क्रिएटिनिननं, म्हणजे मूत्रपिंडांच्या रक्ततपासणीनं.

मळमळ आणि सुरुवातीची झापड थोड्या दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही. मॉर्फिन लिहिणारा हात त्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध लिहीत नसेल, तर माझ्या परीक्षेत तो नापास.

जागतिक आरोग्य संघटनेची वेदनाशामकांची शिडी, म्हणजे सौम्य औषधापासून पायरीपायरीनं तीव्र औषधाकडे जायची पद्धत, १९८६ ची आहे. ती आता फार ठोकळेबाज वाटते, पण 'तोंडानं द्या, वेळेवर द्या, वेदना उठायची वाट बघू नका' ही त्यातली शिस्त अजूनही वॉर्डात दिसत नाही.

कातळ

विरोधी मत मांडतो, राग नसावा. मी सर्जरीत आहे. एका राऊंडला तीस पेशंट असतात. ज्याला वाचवता येईल त्याला वेळ द्यायचा की नाही? अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे, प्रत्येक शाखेला वाटतं आपले तास वाढवा. शिवाय एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना मरणाऱ्या माणसापुढे बसवणं मला बरोबर वाटत नाही. मी त्या वयात एक मृत्यू पाहिला, कुणाशी बोललो नाही, आणि पुढे वर्षभर त्या वॉर्डाच्या बाजूनं जायचं टाळत होतो. हे काम तज्ज्ञांना करू द्या.

उत्तररात्र

कातळ, तुम्ही हे मोकळेपणानं लिहिलंत म्हणून आधी त्या वर्षभराबद्दल. तुम्हाला मृत्यू दिसला हा दोष नव्हता. तो दिसल्यावर तुमच्याशी कुणी बोललं नाही, हा होता. तेव्हाच्या शिक्षकांनी अर्धा तास बसवून "काय पाहिलंस, काय वाटलं" विचारलं असतं तर? मी आता नियमच केला आहे की वॉर्डात मृत्यू झाला की त्याच दिवशी हजर असलेले सगळे विद्यार्थी, नर्सिंगचे आणि मेडिकलचे, एका खोलीत पंधरा मिनिटं बसतात. उपदेश नाही. काय घडलं ते आधी क्रमानं सांगायचं, मग ज्याला बोलावंसं वाटेल तो बोलतो. रडू आलं तर येऊ द्यायचं. वाचलेल्या माणसाकडून शिकतो तसं गेलेल्या माणसाकडूनही शिकतो, पण ते आतल्या आत कुजू दिलं तर शिकणं होत नाही.

'वाचवता येईल त्याला वेळ' याबद्दल. २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यांच्या जोडीला सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी झालं, शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी झाले. मध्यक आयुष्य (गटातले निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) पहिल्या गटात ८.९ महिने होतं, दुसऱ्यात ११.६. एका अभ्यासावर मी सगळं उभं करत नाही, आयुष्य वाढेलच असं वचन तर कुणालाच देत नाही. पण 'एक सोडून दुसरं' ही विभागणीच चुकीची आहे, हे मुलांना दाखवायला तो फार उपयोगी पडतो.

तुम्हालाही एक गोष्ट आवडेल. 'पॅलिएटिव्ह केअर' हे नाव १९७० च्या दशकात रूढ केलं ते एका सर्जननं, माँट्रियलच्या बाल्फर माउंट यांनी. आपल्याच रुग्णालयात मरणाऱ्यांकडे किती दुर्लक्ष होतं हे पाहून त्यांनी तिथे वेगळा विभाग उभा केला.

थोरला मुलगा

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. वडील गेले त्याला तीन वर्षं झाली.

शेवटच्या रात्री त्यांना घरघर लागली. आम्हा भावंडांना वाटलं ते गुदमरतायत. मी धावत जाऊन नर्सिंग काउंटरला सांगितलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी नळी घालून कफ ओढायला सुरुवात केली. वडील बेशुद्धीतही चेहरा आकसून घेत होते. दोनदा झालं, तीनदा झालं. आवाज पुन्हा येतच होता.

मग एक शिकाऊ मुलगी आली. गणवेशावर विद्यार्थिनीचा बिल्ला होता. तिनं डॉक्टरांशी हळू काहीतरी बोलून वडिलांना कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, डोकं थोडं उंच केलं. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "हा आवाज घशात साठलेल्या स्रावाचा आहे, गिळायची ताकद राहिली नाही की होतो. आपल्याला ऐकवत नाही, पण त्यांना बहुधा जाणवत नाहीये. कपाळ बघा, आठी नाहीये." आम्ही पाहिलं. खरंच नव्हती.

पहाटे पाचला ते गेले. आई अजून सांगते, "आठी नव्हती त्यांच्या कपाळावर." त्या शिकाऊ मुलीला हे कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. ज्यांनी कुणी शिकवलं त्यांच्यासाठी हे इथे लिहितोय.

परिचर्या

थोरला मुलगा, तुमचा प्रतिसाद उद्या वर्गात वाचून दाखवला तर चालेल का?

थोरला मुलगा

जरूर.

सहाध्यायी

मी संवादकौशल्य शिकवतो. इंटर्नच्या दुसऱ्या भीतीबद्दल लिहितो.

वाईट बातमी सांगायच्या सहा पायऱ्या, 'स्पाइक्स', २००० साली मांडल्या गेल्या: जागा आणि वेळ नीट निवडणं, पेशंटला काय कळलंय ते विचारणं, किती जाणून घ्यायचंय ते विचारणं, सांगणं, भावनांना जागा देणं, आणि पुढचं ठरवणं. मुलं हे तोंडपाठ म्हणतात आणि पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट सांगायला लागतात.

म्हणून मी घड्याळ लावतो (उत्तररात्र, तुमचं आणि माझं हत्यार एकच!). पेशंटची भूमिका करणाऱ्याला बातमी सांगून झाली की विद्यार्थ्यानं दहा सेकंद गप्प राहायचं. बहुतेक जण तिसऱ्या सेकंदाला बोलतात: "पण काळजी करू नका", "आता नवीन औषधं आलीयत". ते पेशंटसाठी नसतं, स्वतःचं अवघडलेपण झाकण्यासाठी असतं. चार-पाच वेळा केल्यावर दहा सेकंद जमायला लागतात, आणि मग समोरचा काहीतरी बोलतो. तेच ऐकायचं होतं.

मनोविकारतज्ज्ञ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेल्या, मरण समोर दिसणाऱ्या माणसाच्या मनाच्या पाच अवस्थांबद्दल (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) थोडं अवांतर. मुलं त्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या वापरतात: "हा पेशंट अजून रागातच आहे सर, स्वीकारात गेला नाही." माणूस सकाळी सगळं स्वीकारतो आणि संध्याकाळी पुढच्या वर्षाचे बेत करतो, त्यात चुकीचं काय? त्या अवस्थांपेक्षा त्यांची शिकवण्याची रीत मला मोलाची वाटते. शिकागोत १९६० च्या दशकात त्यांनी मरणासन्न रुग्णांनाच विचारलं, तुम्ही आमचे शिक्षक व्हाल का? विद्यार्थ्यांसमोर त्यांच्याशी गप्पा मारल्या. रुग्णालयातल्या अनेकांना ते आवडलं नव्हतं, पण पेशंट तयार होते.

आणि इंटर्न, "मी बरा होईन ना?" याचं उत्तर हो किंवा नाही असं लगेच द्यायची गरज नाही. "हा प्रश्न आज का मनात आला, काका?" असं विचार. मात्र मनापासून विचार, टाळण्यासाठी नको.

तिसरी पाळी

परीक्षेचं कुणीतरी बोला. परीक्षेत नसेल ते वॉर्डात कुणी शिकत नाही, हे इंटर्ननं वर लिहिलंच आहे. आमच्याकडे प्रात्यक्षिकात एक टेबल सुरू झालं: एक नर्सिंगची विद्यार्थिनी, एक मेडिकलचा विद्यार्थी, एक बोलू न शकणारा डिमेन्शियाचा पेशंट (अभिनय करणारा). वेदना आहे का ते दोघांनी मिळून ठरवायचं. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ताठरता, समजूत घातल्यावर शांत होतो का, या पाच गोष्टी पाहायच्या. गुण दोघांना मिळून एकच. पहिल्याच वर्षी मुलं आदल्या आठवड्यात एकमेकांचे नंबर शोधत होती.

कातळ

गुण दोघांना मिळून, हे आवडलं. सर्जरीच्या टर्मसाठी असं टेबल करायचं तर कुणाशी बोलावं लागेल?

परिचर्या

मला निरोप धाडा. आठवडाभरात बसू.

नवखी_इंटर्न

धागा वर काढतेय, नऊ दिवसांनी.

त्या काकांकडे परत गेले. या वेळी बीपीचं यंत्र नेलं नाही, खुर्ची ओढून बसले. सहाध्यायी सरांचा प्रश्न विचारायचा होता, पण धीर झाला नाही. विचारलं, "आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" मला वाटलं वेदना म्हणतील. ते थोडा वेळ गप्प राहिले (मी मनात आकडे मोजत होते, सातपर्यंत गेले), मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "सहा दिवस पोट साफ नाही. सांगायची लाज वाटते."

केसपेपर काढला. मॉर्फिन होतं, पोट साफ होण्याचं औषध नव्हतं. सहा दिवसांत आम्ही चौघांनी त्यावर सही केली होती, त्यात माझीही. रेसिडेंटना सांगितलं, सिस्टरनी पोट तपासलं, कुठे अडथळा नाही ना ते पाहून औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी मला लांबूनच हात केला.

आता ते माझ्याशी बोलतात. काल म्हणाले, "तुला एक विचारायचंय, पण उद्या, मुलगा नसताना." तो कुठला प्रश्न असेल ते कळतंय. मॅडम, उद्या सकाळी राऊंडच्या आधी जाणार आहे. सुरुवात कशी करू?

उत्तररात्र

एकटी जाऊ नकोस. तुझ्या रेसिडेंटना आत्ताच सांगून ठेव आणि त्या सिस्टरना बरोबर घे, काकांचा त्यांच्यावर विश्वास आहे. पडदा ओढ, मोबाइल बंद, खुर्च्या दोन. सुरुवात त्यांना करू दे. त्यांनी विचारलं की उत्तराआधी एवढंच विचार: "आजाराबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय काय सांगितलंय?" आणि मग थांब. जे तुला माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांग, आणि मला बोलवायला पाठव. मी साडेसातपासून वॉर्डातच आहे. उद्याचा राऊंड कोपऱ्यातल्या खाटेपासून सुरू करू.